यंत्रांची रोजकीर्द

पेढीवर बसणाऱ्या मुलाला पूर्वी सर्वांत आधी रोजकीर्द शिकवीत. खतावणी नंतर, व्याजाचे कोष्टक त्याहून नंतर. घडलेला व्यवहार त्याच दिवशी, घडला त्याच क्रमाने, खाडाखोड न करता लिहावयाचा आणि सायंकाळी गल्ल्यातील रोकड मोजून मेळ घालावयाचा, हा नियम इतका कडक असे की चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत दुकानाचे दार ओढले जात नसे. याच घरांतील पुढच्या पिढीने अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत शेड घेतल्या, यंत्रे बसवली आणि पैशांची रोजकीर्द पूर्वीप्रमाणेच चोख ठेवली. यंत्रांची मात्र कोणी ठेवली नाही. कॉम्प्रेसर रात्री किती वेळ चालला, कोणत्या मोटरने किती वीज घेतली, बॉयलरमध्ये किती पाणी गेले, याचा सारा हिशेब महिन्याच्या अखेरीस एका वीजबिलात आणि एका पाणीबिलात, एकेका आकड्याने समोर येतो. पेढीचा महिन्याचा खर्च कोणी असा एका ओळीत लिहून आणला तर मुनीम तो वहीत घेणार नाही. कारखान्यात तोच निमूटपणे भरला जातो.

गेल्या काही वर्षांत ही उणीव भरून काढणारी साधने स्वस्त झाली आहेत. तापमान, दाब, कंप, विजेचा प्रवाह, पाण्याची आम्लता मोजणारा सेन्सर, त्याचे आकडे गोळा करणारी हाताएवढी पेटी, त्या पेटीत एक सिमकार्ड, आणि दुसऱ्या टोकाला मालकाच्या खिशातील मोबाइल, एवढीच ही रचना. १९९९ साली केव्हिन अ‍ॅश्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने तिला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. नाव नवे असले तरी आतील वस्तू जुनी आहे. मोठ्या कारखान्यांतील संवेदक चार ते वीस मिलिअँपिअरच्या तारेवरून आपले मोजमाप नियंत्रण कक्षाकडे कित्येक दशके पाठवीत आले आहेत. यंत्रांनी आपसांत बोलण्याची ‘मॉडबस’ ही भाषा १९७९ पासून वापरात आहे आणि आजही वसाहतीतील बहुतेक वीजमीटर तीच बोलतात. नवे आहे ते इतकेच की, जी सोय पूर्वी खतकारखान्याला अथवा तेलशुद्धीकरण प्रकल्पालाच परवडत असे, ती आता वीस कामगारांच्या शेडलाही परवडते.

कल्याणच्या पलीकडील या तीन गावांचा उद्योग अनेक थरांनी बनला आहे. अंबरनाथला विम्कोची आगपेटी १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावर आली. स्वातंत्र्यानंतर तेथे सरकारी आयुध निर्माणी उभी राहिली. कल्याणच्या लष्करी छावणीत विस्थापित सिंधी कुटुंबांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मोरीवली, चिखलोली, आनंदनगर, खरवई, शिरगाव ही नावे गावांच्या नावांऐवजी प्लॉट क्रमांकांसह उच्चारली जाऊ लागली. १९७२ मध्ये बारवी धरण झाल्यावर पाणीही आले. या वसाहतींतील अनेक मालक मुलुंड, घाटकोपर अथवा डोंबिवलीस राहतात आणि सकाळी गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्या लोकलने कारखाना गाठतात. २६ जुलै २००५ रोजी लोकल थांबली तेव्हा, आणि मार्च २०२० मध्ये सर्वच थांबले तेव्हा, आपल्या शेडमध्ये पाणी शिरले आहे की नाही, रिॲक्टरमध्ये राहिलेला माल कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यांतील कित्येकांना कळण्याचा मार्ग नव्हता. पहारेकऱ्याचा फोन लागला तर लागला.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर पहिला लाभ अगदी साध्या जागी दिसतो, तो म्हणजे दाबाखालील हवेत. लहान-मध्यम कारखान्यात कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेचा वीस ते तीस टक्के भाग सांधे, पाइप आणि झिजलेल्या कपलिंगमधून निसटून जातो, असे ऊर्जा-तपासणी करणारे तज्ज्ञ सर्वत्र सांगतात. ही चोरी डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्रांच्या गोंगाटात कानांनाही ऐकू येत नाही. तीन मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून सात बार दाबाने जी हवा जाते ती तयार करण्यास साधारण साडेतीन किलोवॅट वीज लागते. कॉम्प्रेसर वर्षातील तीनशे दिवस अहोरात्र चालू राहिला, तर त्या एका छिद्राचे २५,२०० युनिट होतात. युनिटमागे नऊ रुपये धरले तरी २,२६,८०० रुपये. हे दोन लाख कोणत्याही खात्यात ‘गळती’ या नावाने पडत नाहीत. ते ‘वीज’ या नावाने पडतात आणि ताळेबंदात सन्माननीय खर्च म्हणून बसतात. कॉम्प्रेसरच्या वायरीवर एक प्रवाहमापक सेन्सर लावला आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सर्व यंत्रे बंद असताना, दाब टिकवण्यासाठी तो दर तासाला किती मिनिटे भार घेतो हे पाहिले, की गळतीचा आकडा त्याच दिवशी हाती येतो. त्यानंतर एक माणूस, एक साबणाच्या पाण्याची बाटली आणि अर्धा दिवस पुरतो.

दुसरा लाभ वीजबिलाच्या रचनेत आहे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने आकारणी लागू झाली. म्हणजे पॉवर फॅक्टर खालावला की दंडाची वेगळी ओळ येत नाही, युनिटच वाढलेले दिसतात. पॉवर फॅक्टर ०.९९ वरून ०.९० वर आला तर त्याच कामासाठी दहा टक्के अधिक युनिट मोजले जातात. कपॅसिटरच्या पॅनेलमधील एखादा कप्पा जळाला की नेमके हेच घडते. जोडलेला मीटर ते त्याच दुपारी सांगतो. बिल ते पुढल्या महिन्यात सांगते, आणि तेही वाचता आले तर. दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलत असल्यामुळे कोणते काम कोणत्या प्रहरी घ्यावे हा निर्णयही अंदाजावर सोडण्याचे कारण उरत नाही.

एवढ्यावरच हा लेख संपवता आला असता. विक्रेत्यांची माहितीपत्रके बहुधा येथेच संपतात. परंतु उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या काठी या विषयाची दुसरी बाजू आहे आणि ती पैशांपेक्षा जड आहे.

वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावते, अकराव्या शतकातील शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणला खाडीत मिळते. इतक्या लहान प्रवासात तिचा रंग अनेकदा बदलत असे. कोणत्या दिवशी कोणता रंग रंगवला गेला हे काठावरच्या रहिवाशांना पाण्यावरून कळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका पहाटे टँकरमधून रसायन नदीत सोडले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो नागरिकांना मळमळ व श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये या पट्ट्यातील सांडपाणी प्रकल्प आणि स्थानिक संस्थांना जबाबदार धरून दंड ठोठावला. २०१८ च्या सुमारास उल्हासनगरमधील जीन्स धुलाई-रंगाईचे शेकडो कारखाने बंद झाले. त्यांवर अवलंबून असलेले शिलाई, बटण, चेन, धागा, पॅकिंग असे सारे धंदे हलले. ज्या कुटुंबाने त्या धंद्यात उधारीवर कापड दिले होते त्याला पर्यावरणाचा कायदा कोणत्या पोटखात्यात लिहावा हे त्या वर्षी कळले.

या सर्वांच्या आगेमागे जोडलेल्या सेन्सरची सक्ती आली होती. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सर्व राज्य मंडळांना निर्देश दिले की अतिप्रदूषक अशा १७ वर्गांतील उद्योगांनी आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी आपल्या सांडपाण्याचे व धुराचे मोजमाप अखंड, थेट ऑनलाइन द्यावे. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर, सांडपाणी प्रक्रियेची चालू यंत्रणा नसलेल्या उद्योगांना मुदत देऊन बंद करण्याचा आदेश दिला आणि असे थेट आकडे जनतेसाठी खुले ठेवण्यासही सांगितले. त्यामुळे ज्या उद्योगांना हे लागू आहे, त्यांच्यासाठी सेन्सर घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न संपला. उरला तो खऱ्या-खोट्या आकड्यांचा.

कारण नदीपात्रात जाणाऱ्या पाण्याचे नियम स्पष्ट आहेत. आम्लता ५.५ ते ९ च्या दरम्यान, सीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत, बीओडी ३० पर्यंत. पण मोजणारी साधने कशी मोजतात हे मालकांपैकी फार थोडे जाणतात. बीओडीची प्रयोगशाळेतील चाचणी २७ अंश तापमानात तीन दिवस चालते. पडद्यावर दर पंधरा मिनिटांनी दिसणारा बीओडी हा त्यामुळे प्रत्यक्ष चाचणी नसून अनुमान असतो. सीओडीचे अनेक ऑनलाइन मापक पाण्यातून अतिनील प्रकाश सोडून किती शोषला गेला यावरून आकडा काढतात. पाण्यात निळीचा रंग अथवा गाळ असेल, किंवा प्रक्रिया बदलून नवे रसायन आले असेल, तर तोच आकडा दिशाभूल करतो. म्हणून प्रयोगशाळेच्या निकालाशी त्याचा मेळ वारंवार घालावा लागतो. आम्लता मोजणारी काचेची कांडी तर लहान मुलासारखी जपावी लागते. तिच्यावर थर बसला की ती शांतपणे सातच्या आसपासचा आकडा दाखवीत राहते आणि मालक निश्चिंत राहतो. चार आणि सातच्या ठरीव द्रावणात बुडवून तिची परीक्षा घेण्याचे काम कोणाचे, कोणत्या वारी, आणि त्याची सही कोठे, हे ठरलेले नसेल तर लाखाची यंत्रणा भिंतीवरील दिनदर्शिकेइतकीच उपयोगी.

आणि मग मोह आहेच. कांडी सांडपाण्यातून काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवणे हे कोणत्याही पर्यवेक्षकाला पाच मिनिटांत जमते. व्यापारी भाषेत ही दुहेरी वही होय. जुन्या वहीत खोटी नोंद करणारा निदान स्वतःच्या हस्ताक्षरात अडकत असे. येथे खोटी नोंद यंत्राच्या नावावर होते, पण यंत्र एक गोष्ट लपवू शकत नाही: बादलीतील पाण्याची आम्लता दिवसभर एका रेषेत राहते. खऱ्या कारखान्याचे पाणी कधीही इतके शहाणे नसते. सरळ रेष दिसली की तपासणाऱ्याला संशय येतो. तो मालकाला आधी यावयास हवा, कारण शेवटी नोटीस त्याच्या नावाने निघते.

याहून गंभीर गोष्ट रिॲक्टरची आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत प्रत्येकी दहाहून अधिक माणसे गेली. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या शिरगाव वसाहतीतून वायू पसरला आणि रहिवाशांना घराबाहेर पडावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथवर एका रात्री रासायनिक धुके उतरले. ज्या शेडभोवती एकेकाळी भातशेती होती त्यांच्या कुंपणाला आता सात मजली इमारतींच्या बाल्कन्या टेकल्या आहेत. त्यामुळे कोणताही अपघात आता केवळ कारखान्याचा उरलेला नाही.

उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेचे गणित समजून घेण्याजोगे आहे, आणि चक्रवाढ व्याज जाणणाऱ्या वाचकाला ते सहज समजेल. तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग, स्थूलमानाने, दुप्पट होतो. आणखी दहा अंशांनी चौपट. थंड करणारे पाणी मात्र सरळव्याजाने काम करते. तापमानातील फरक जितका वाढेल तितक्याच प्रमाणात ते अधिक उष्णता नेते. एका विशिष्ट बिंदूनंतर चक्रवाढ सरळव्याजाला मागे टाकते आणि मग कोणताही झडप-नळ कामाचा राहत नाही. वीज गेल्यामुळे ढवळणी थांबली, पण माल टाकणे चालू राहिले, आणि वीज येताच ढवळणी पुन्हा सुरू केली, तर साचलेला सगळा माल एकदम पेटून उठतो. वीज येणे-जाणे हे वसाहतीतील नित्याचे आहे, म्हणून ही शक्यताही नित्याची आहे. येथे उपयुक्त सेन्सर तो, जो ‘तापमान ९० झाले’ एवढेच न सांगता ‘गेल्या पाच मिनिटांत ते नेहमीच्या तिप्पट वेगाने चढत आहे’ असे सांगतो. ९० चा भोंगा वाजतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

भोपाळचे उदाहरण या संदर्भात पुन्हा वाचावयास हवे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० चा दाब साडेदहाच्या सुमारास दोन पौंड होता. पाळी बदलल्यावर अकराच्या सुमारास तो दहा दिसला. काटा पाचपट चढला होता. परंतु दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, आणि त्या कारखान्यातील मापकांवर कामगारांचा विश्वास उरलेला नव्हता. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. म्हणजे मोजमाप होते, मोजणारा माणूस होता, आकडा बदललेला त्याला दिसलाही होता. न होती ती मापकावरची श्रद्धा आणि मागच्या तासाशी आजच्या तासाची तुलना करण्याची सवय. जोडलेली यंत्रणा यांतील दुसरी गोष्ट आपोआप करते. पहिली गोष्ट ती करू शकत नाही. ती फक्त नियमित तपासणीने येते.

याच ठिकाणी तरुण पिढीकडून एक चूक संभवते आणि तिचा उल्लेख स्पष्टपणे केलेला बरा. मोबाइलवर इशारा येणे म्हणजे संरक्षण नव्हे. सिमकार्डाचे नेटवर्क नेमक्या वादळी रात्री जाते, मालक झोपलेला असतो, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. रिॲक्टरचे तापमान वेगाने चढू लागले तर माल टाकणारा पंप बंद करणे आणि शीतजल पूर्ण उघडणे हे काम तेथल्या तेथे, तारेने जोडलेल्या इंटरलॉकने, इंटरनेट असो वा नसो, झालेच पाहिजे. दूरच्या सर्व्हरचे काम आठवण ठेवण्याचे आणि मालकाला जागे करण्याचे. या दोन कामांची सरमिसळ करून एकाच स्वस्त पेटीवर दोन्ही भार टाकणाऱ्या विक्रेत्याला दाराबाहेरूनच नमस्कार करावा.

विक्रेत्यांचा विषय निघालाच आहे तर करारनाम्याविषयी थोडे. यंत्रसामग्रीसाठी मुदतकर्ज मागणाऱ्या उद्योजकाला कोणतीही बँक यंत्राचे आयुष्य विचारते. येथे आयुष्य पेटीचे नसते, वार्षिक वर्गणीचे असते. पेटी दहा वर्षे टिकेल, पण आकडे ज्या कंपनीच्या संगणकावर साठतात ती टिकेल काय? गुगलसारख्या बलाढ्य कंपनीनेही अशा उपकरणांसाठी चालवलेली आपली ‘आयओटी कोअर’ ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद केली आणि ग्राहकांना दुसरे घर शोधावे लागले. म्हणून आकडे कोणाच्या मालकीचे, वर्गणी थांबवली तर जुने आकडे साध्या तक्त्यात उतरवून मिळतील काय, आणि पेटी मॉडबससारखी सर्वमान्य भाषा बोलते की फक्त आपल्याच कंपनीची, हे तीन प्रश्न दरपत्रकाच्या आधी विचारावेत. सिम केवळ टू-जीवर चालणारे असेल तर तेही आजच विचारावे. सर्व कंपन्या ती सेवा देत नाहीत.

कुलुपाचाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या संगणकीय किडीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला काही विशेष विद्या लागली नाही; कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. दुकानाला नवे कुलूप आणून त्याची एक किल्ली बाजारात टांगून ठेवण्यासारखे हे झाले. कार्यालयाचा हिशेबाचा संगणक आणि यंत्रांचे जाळे एकाच वायफायवर ठेवणे हेही त्याच जातीचे. भारतात २०२२ पासून सायबर हल्ल्याची सूचना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेला देण्याचा नियम आहे. तो लहान कारखान्यांच्या गावीही नाही.

अशा घरांतील संवाद बहुधा ठरलेला असतो. अभियांत्रिकी शिकून आलेला मुलगा म्हणतो, “पप्पा, सगळी शेड मोबाइलवर दिसेल.” वडील म्हणतात, “दिसेल रे, पण बघणार कोण?” मुलाला हा विरोध वाटतो. वास्तविक तो या विषयातील सर्वांत नेमका प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यात घरातील प्रत्येकाच्या फोनवर इशारे येतात. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला चाळीस इशारे येऊ लागतात, कारण मर्यादा अंदाजाने भरलेल्या असतात. तिसऱ्या आठवड्यात सर्वजण आवाज बंद करून ठेवतात. पुढे खरा इशारा येतो तेव्हा तो एकेचाळिसावा असतो. म्हणून पाच-सहाच इशारे ठेवावेत, प्रत्येकापुढे एका माणसाचे नाव असावे आणि त्याने काय केले याची एक ओळ लिहिली जावी.

कामगारांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. यंत्र किती मिनिटे थांबले हे सेन्सर सांगतो. का थांबले हे सांगत नाही. माल आला नव्हता, साचा बदलायचा होता, की ऑपरेटर चहाला गेला होता, हे त्याला ठाऊक नसते. मालकाने पहिल्याच महिन्यात त्या मिनिटांवरून पगार कापला, तर दुसऱ्या महिन्यात सेन्सरची तार ‘उंदराने’ तोडलेली सापडेल, आणि ती उंदराने तोडली नव्हती हे सर्वांना माहीत असूनही कोणी बोलणार नाही. थांबलेल्या मिनिटांचा तक्ता आधी ऑपरेटरलाच दाखवावा आणि कारण त्याच्याकडून लिहून घ्यावे. अनेकदा ते कारण खरेदी विभागात, म्हणजे मालकाच्याच केबिनमध्ये निघते.

प्रत्येक जुन्या शेडमध्ये एखादा फिटर असा असतो, जो स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून त्याची मूठ कानाला लावतो, क्षणभर डोळे मिटतो आणि ‘पंधरा दिवस काढेल’ असे सांगतो. कंपमापक सेन्सर जे करतो ते याच्या फार पलीकडचे नाही. तो कानाला न ऐकू येणारे सूर ऐकतो आणि कंटाळत नाही, इतकेच. पण या फिटरची साठी जवळ आली आहे, त्याचा मुलगा बँकेत नाही तर मॉलमध्ये नोकरीला आहे, आणि त्याच्या कानात साठलेली तीस वर्षे कोठेही लिहिलेली नाहीत. सेन्सर आला की त्याला बाजूला करण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते. शहाण्या मालकाने उलट क्रम धरावा. सुरुवात दोन मोटरपासून करावी. सोमवारी सकाळी फिटरने आधी आपल्या कानाने ऐकून निदान वहीत लिहावे, तारीख घालावी, सही करावी. त्यानंतरच पडद्यावरचा आलेख उघडावा. बेअरिंग बदलण्याची वेळ आली की जुने भंगारात टाकण्यापूर्वी दोघांसमोर, म्हणजे फिटर आणि मुलगा यांच्यासमोर, कापून पाहावे. बाहेरच्या कड्याला तडा होता की आतल्या, गोळ्या खवल्या होत्या की ग्रीस सुकले होते, हे पाहून कोणाचे निदान बरोबर निघाले ते त्याच ओळीपुढे लिहावे आणि पुढची मोटर घ्यावी.